घागरा पलटणीचा बबर्ची

क्लेमेंटी, सिंगापूर
सोमवार, १९ फेब्रुवारी २००७

चि. भाऊसाहेब यास,
अक्काचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाच मार्चला बायपास ठरल्याचं तुझ्या अभयने फोनवर आधीच सांगितलं होतं, पण पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि भावाच्या अक्षरात वाचणं वेगळं. अक्षर तुझं अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. किती छड्या खाल्ल्यास माझ्याकडून त्यापायी, तरी सुधारलं नाही.

माझी प्रकृती ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातल्या माणसांसारखेच झालेत, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. इथे कालपासून चिनी लोकांचं नवं वर्ष लागलंय. नागसेनचं तुआसचं जहाजांचं यार्ड तीन दिवस बंद, त्यामुळे तुझा भाचा अकरा वाजेपर्यंत लोळतो आणि स्नेहल "आई, यांना उठवा ना" म्हणून माझ्याकडे येते. सून गुणाची आहे, पण लग्नाला चौदा वर्षं झाल्यावरही नवऱ्याला उठवायचं काम सासूचंच, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी म्हातारीने दोन संत्री आणून दिली. इथे एक देत नाहीत, जोडीच देतात. मी तिला दोन करंज्या दिल्या. एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे आमचं भांडण होत नाही.

हे सगळं लिहायचं नव्हतं. मास्तरणीची खोड, मुद्द्याआधी प्रस्तावना.

तू लिहिलंस, "ऑपरेशनला भीत नाही. पळपुट्याचा मुलगा असलो तरी मी पळणारा नाही." चेष्टेत लिहिलंस हे मला कळलं. सदुसष्ट वर्षांचा झालास, आता या गोष्टीची चेष्टा करता येण्याइतका राग जुना झालाय तुझा. पण मी ते वाक्य वाचून पत्राची घडी केली आणि गेला महिनाभर तुला उत्तर लिहिलं नाही. आज त्याच वाक्याचं उत्तर लिहायला बसले आहे. आधी गुरुवारची हकिगत सांगते, म्हणजे हात चालता होईल.

पंधरा फेब्रुवारीला इथे भर दुपारी भोंगा वाजतो. बेचाळीस साली त्या दिवशी इंग्रजांनी सिंगापूरला जपान्यांपुढे हत्यारं टाकली, त्याची आठवण म्हणून. शाळेतही मुलांना त्यावर काहीतरी करायला देतात. नागसेनची अश्लेषा घरी आली ती एक छापील कागद घेऊन. घरातल्या वडीलधाऱ्यांना लढाईबद्दल विचारा आणि रकाने भरा. पोरगी अकरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण मराठीत उत्तर देईल तर शपथ. सगळं इथल्या आह-लाह लावलेल्या इंग्रजीत.

"आजी, यू गॉट एनीवन इन द वॉर ऑर नॉट?"

म्हटलं, माझे वडील होते. स्कॉटलंडच्या पलटणीबरोबर. इथेच, सिंगापुरात.

"सोल्जर आह?" डोळे एवढे मोठे झाले.

"नाही गं. बबर्ची. साहेबांच्या मेसमध्ये."

"ओह. कुक ओन्ली." तिने नाव लिहून घेतलं, काम लिहून घेतलं. शेवटचा रकाना होता, पुढे त्यांचं काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही बाळा. तिने तसं लिहिलं आणि खेळायला गेली.

भाऊ, मी खोटं सांगितलं. त्या पोरीला आणि तिच्याआधी तुम्हा सगळ्यांना. काय ते सांगतेच, पण त्याआधी मला तुला थोडा बा द्यायचा आहे. तू त्याला पाहिलंच नाहीस. पलटण ऑगस्ट एकोणचाळीसला सिकंदराबादहून हलली आणि तू जानेवारीत जन्मलास. मी आठ वर्षांची होते. आता त्याला पाहिलेलं जिवंत माणूस मी एकटीच उरले आहे.

आपण सिकंदराबादेत तिरमलगिरीला, लष्कराच्या कडेला राहायचो. त्या पलटणीचं नाव आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स. हे मी इथे आल्यावर पुस्तकात बघून शिकले. आम्ही सगळे तिला घागरा पलटण म्हणायचो. परेडला गोरे दांडगे बाप्ये गुडघ्यापर्यंतचे चुणीदार घागरे घालून निघत आणि पुढे मशकीचा बाजा, ज्याला बॅगपाइप म्हणतात तो. आमच्या गल्लीतल्या बाया पदर तोंडाशी धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं बया, यांचे घागरे धुतं कोण?" बाला ते आवडायचं नाही. म्हणायचा, "हसू नका. त्या घागऱ्याखाली लई दम हाय."

पलटण म्हणजे काय हे बाने मला बटाट्यांनी शिकवलं. जमिनीवर बटाट्यांच्या चार राशी मांडायचा. ही ए कंपनी, ही बी, ही सी, ही डी. पाचवी रास कांद्यांची, ती हेडक्वार्टरची. मग एका राशीचे तीन भाग, त्या भागाचे पुन्हा तीन. असे मिळून आठ-नऊशे गोरे. "आणि बा, तू कुठंय यात?" असं मी विचारलं की तो लसणाची एक पाकळी सगळ्यांच्या मागे ठेवायचा. "हा मी. ही पाकळी नसली तर या बटाट्यांना चव नाही." मग माय ओरडायची, कारण तिला तेच बटाटे भाजीला हवे असायचे.

गोरे सकाळी ओटची लापशी खात, मीठ घालून. साखर नाही! बा म्हणायचा, "आपली आंबीलच की. नुसतं साहेबाच्या घरात जन्मली म्हणून चमच्यानं खायची." आपल्या हातचं पाणी ज्या गावात कुणी पीत नव्हतं, त्या गावातून आलेला माणूस लष्करात साहेबांच्या पंगतीचं रांधत होता. त्याला त्याचा केवढा तोरा होता ते तुला कसं सांगू? पांढऱ्या कोटाची बटणं तो राखेने घासायचा. निघाला त्या दिवशी स्टेशनवर भांड्यांच्या पेट्यांवर बसला होता. मला उचलून घेतलं, म्हणाला, "सातवी पास व्हायचं. मग मला इंग्रजी कार्ड लिहायचं." गाडी सुटल्यावर मशकवाल्याने काहीतरी वाजवलं. ते सूर अजून माझ्या कानात आहेत. मला वाटतं मी जन्मात तेवढी खूश आणि तेवढी दुःखी एका वेळी कधीच नव्हते.

पुढचं मला नागसेनने लायब्ररीतून पुस्तक आणून वाचून दाखवलं. इथे उतरल्यावर बाकीच्या पलटणी बराकीत आरामात होत्या आणि आपल्या घागरावाल्यांना त्यांच्या कर्नलने मलायाच्या रानात नेऊन रगडलं. दलदल, जळवा, रबराच्या झाडांतून लपत चालणं. लोक त्यांना हसायचे. जपानी आले तेव्हा तेच कामी आलं. डिसेंबरभर ते लढत लढत मागे येत राहिले. सात जानेवारीला स्लिम नदीपाशी पहाटे रणगाडे अंगावर आले आणि पलटण फुटली. शंभरही धड परतले नाहीत. तरी महिनाअखेरीला सगळी फौज पूल ओलांडून सिंगापुरात शिरली तेव्हा सर्वांत शेवटी हेच आले, मशकीचा बाजा वाजवत. नागसेन वाचत होता आणि मी मनात म्हणत होते, भांड्यांच्या पेट्या कुठे असतील? मग बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी-शिपाई मिळवून पुन्हा पलटण उभी केली आणि बुकित तिमाच्या रस्त्यावर शेवटची लढाई झाली.

परवा शनिवारी मी नागसेनला म्हटलं, मला क्रांजीला ने. तिथे लढाईतल्या माणसांचं कब्रस्तान आहे. टेकडीवर पांढऱ्या दगडांच्या ओळी, पार टोकापर्यंत, आणि वर मोठमोठे खांब, ज्यांची माती सापडली नाही त्यांची नावं कोरलेले. अश्लेषाही आली. घागरा पलटणीचा खांब तिनेच शोधला आणि बोट फिरवत वाचत गेली. "आजी, सो मेनी मॅक वन. मॅक, मॅक, मॅक. सोनकांबळे डोन्ट हॅव लाह." हिंदी फौजेच्या खांबांवर बघितलं. तिथेही नाही. नसणारच. बा फौजेच्या पटावरचा नव्हताच, मेसने परस्पर ठेवलेला माणूस होता. सरकारी कागद आपल्याकडे कधी आला नाही तो यामुळेच. नागसेन म्हणाला, "आई, कदाचित मामा म्हणतात तसंच असेल. आजोबा राहिले असतील कुठेतरी मलायात." तो समजूत काढत होता बिचारा. मी एका दगडाला धरून उभी राहिले. दगडावर कुणा वीस वर्षांच्या पोराचं नाव होतं. त्या पोराने कदाचित बाच्या हातची लापशी खाल्ली असेल.

आता लिहिते.

बा गेल्याचं मला माहीत होतं. मला एकटीला. नोव्हेंबर पंचेचाळीसपासून.

लढाई संपून तीन महिने झाले होते. चार वर्षं बाचा कागद नव्हता. त्या दिवशी माय पाण्याला गेली होती आणि तू तिच्या मागे शेपटासारखा. पोस्टमनने कार्ड माझ्या हातात ठेवलं, माझ्याकडे न बघता. कार्डाचा खालचा कोपरा फाडलेला होता. तुला कोपऱ्याचा अर्थ सांगायला नको. अभयच्या पोरांना सांगावा लागेल, की मरणाची खबर असली म्हणजे लिहिणारा कार्डाचा कोपरा फाडायचा, न वाचताच कळावं म्हणून. मायला अक्षर येत नव्हतं, पण तो कोपरा तिला वाचता येत होता.

मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. रडायला हवं होतं. पण भाऊ, मला परीक्षा आठवली. एप्रिलात सातवीची फायनल होती. मायचा भाऊ, आपला मामा, दिवाळीला येऊन सांगून गेला होता, रायभानचं, म्हणजे बाचं, काही बरंवाईट कळलं की तुम्हाला गावी नेतो, पोरीसाठी स्थळ बघून ठेवलंय. चौदा वर्षांची होते. फक्त पाच महिने, एवढंच डोक्यात आलं. शेजारच्या दर्ज्याची कात्री मागून आणली आणि फाटलेल्या कोपऱ्याच्या रेषेत कार्डाची खालची बोटभर पट्टी सरळ कापून नालीत टाकली. कार्ड पुन्हा चौकोनी झालं.

मायने घागर उतरवली, कार्ड हातात घेऊन फिरवून पाहिलं. म्हणाली, "लढाईत कार्डंबी आखूड निघाली का गं?" मग म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "मी खुशाल आहे. इकडे रबराच्या मळ्यात काम लागलं आहे. यायला वेळ लागेल. काळजी करू नये." रबराचा मळा कुठून आला? भूगोलाच्या पुस्तकातून. मलायात रबर होतं, याहून जास्त मला मलायाची माहिती नव्हती.

मायने गल्लीत साखर वाटली. चौकशीला आलेला मामा आल्या पावली परत गेला. मी पास झाले, पहिल्या वर्गात. सांगायचा दिवस तोच होता. पण त्या दिवशी माय इतकी खूश होती, म्हणाली, "तुझ्या बाला कळव." कसं सांगणार होते? आज सांगू, सणानंतर सांगू, असं करता करता सांगायची वेळ टळून गेली. आणि माय ते कार्ड येईल त्याच्यापुढे धरायची, "वाचून दाखव" म्हणून. एखाद्याला वाचता आलं असतं तर? एक दिवस मी ते चुलीत घातलं आणि हरवलं म्हणून सांगितलं. मायने मला जन्मात एकदाच मारलं, ते त्या दिवशी.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. माणूस येत नाही, कागद येत नाही, मग लोक बोलायचेच. मळ्यात काम नाही, मळ्यात बाई आहे त्याची. हे तू शाळेत ऐकलंस, तालमीत ऐकलंस. मॅट्रिकच्या फॉर्मवर बापाच्या नावाच्या जागी मायचं नाव लिहिलंस आणि हेडमास्तरांशी भांडून ते कायम केलंस. बाचा फोटो भिंतीवरून काढलास. नागसेनने दोनदा तिकीट पाठवलं, तर "ज्या गावाने माझा बाप ठेवून घेतला तिथे पाय ठेवणार नाही" म्हणालास. भाऊ, तुझी ती मळ्यातली सावत्र माय माझ्या एका वाक्यातून जन्मली. तुझा बाप तुला सोडून गेला नव्हता. त्याला तुझ्यापासून मी तोडला.

एक्याऐंशीत माय गेली तेव्हा तू बाहेर डॉक्टरांशी बोलत होतास. ती मला म्हणाली, "ते मळ्याचं कार्ड म्हण गं एकदा." आणि मी म्हटलं. तोंडपाठ. कुंकू लावून गेली ती. बाहेर येऊन तू म्हणालास, "त्या माणसापायी हिने उभा जन्म जाळला," आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला आजही शरम वाटते. एवढं करून बत्तीस वर्षं मी फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" लिहिलं आणि पोरांकडून दहा दहा वेळा गिरवून घेतलं.

कार्ड आता नाही. पण चुलीत घालण्याआधी मी ते पाठ केलं होतं, का कोण जाणे. बाबरोबर मेसमध्ये सटवाजी म्हणून आपल्याकडचाच एक जण होता, त्याचं होतं. जसं होतं तसं लिहिते. यात माझा एक शब्द नाही.

"धुरपताबाईस सटवाजीचा रामराम. लिहिण्यास कारण की रायभानदादा आता नाहीत. बेचाळीस सालात फेब्रुवारीच्या अकरा तारखेस सिंगापुरात बुकितिमाच्या सडकेवर पलटणीस चहा घेऊन जाताना बाँब पडला. मी संगं होतो. हाल झाले नाहीत. मी आन दोन गोऱ्यांनी माती दिली. मी कैदेत होतो म्हणून कळवण्यास उशीर. तुमचा मुलगा झाल्याचा कागद आला तवा दादांनी सगळ्या मेसला शिरा केला होता. गोऱ्यांस बी हातावर दिला. पोराला डोळ्यांनी बघायचं एवढंच बोलायचे. मरणाच्या आदल्या दिशी मला म्हणले की काही झालं तर घरी कळव, पोरीला शाळेतून"

इथे कार्ड संपतं. पुढची ओळ पट्टीबरोबर गेली. काढा, की काढू नका? मी उरलेलं कार्ड घराच्या मागे जाऊन वाचलं तेव्हा मला हे कळलं आणि मी धावत नालीपाशी गेले. तिला पाणी होतं. कोपरापर्यंत हात घालून शोधलं. बाने "काढू नका" म्हटलं असेल तर खुद्द त्याच्या शब्दापुढे मामाचं काही चाललं नसतं आणि मला खोटं बोलायची गरजच नव्हती. आणि "काढा" म्हटलं असेल, तर मी मेलेल्या बापाचाही शब्द मोडला. मला आजवर माहीत नाही. ही माझी शिक्षा आहे, ती मी तुझ्याकडे वाटून घ्यायला मागत नाही.

पण शिरा तुझा होता. तू जन्मलास म्हणून परमुलखात एका बबर्च्याने अख्ख्या मेसला शिरा खाऊ घातला, हे तुला पाचव्या वर्षीच कळायला हवं होतं. ते मी तुझ्यापासून एकसष्ट वर्षं दाबून ठेवलं.

अजून हे कुणालाच सांगितलेलं नाही, नागसेनलाही नाही. पहिला हक्क तुझा. पाकीट कुरिअरने अभयच्या नावावर पाठवतेय आणि त्याला बजावलंय की फोडायचं नाही, बापाच्या हातात द्यायचं, पाच तारखेच्या आधी. डॉक्टर म्हणतील, हृदयाच्या माणसाला असलं काही आत्ता नको. मीही एकदा "आत्ता नको" म्हटलं होतं. तू ऑपरेशनच्या टेबलावर एका निर्दोष माणसाला शिव्या देत झोपावंस हे मला सहन होणार नाही. त्यात माझा स्वार्थ आहे का? आहे. तुझ्यानंतर माझ्यासाठी हे ऐकणारं कुणी उरत नाही.

रागावशील. रागाव. अक्काला बोलायचं नाही असं ठरवशील, तर तेही तुझ्या हातात आहे. फक्त एक कर. नागसेनजवळ फोनवर निरोप ठेवू नकोस. पत्र लिही. त्याच कललेल्या अक्षरात, वाटेल ते लिही, चार ओळी लिही. मी कुणाला वाचायला देणार नाही, माझी मीच वाचेन, आणि या वेळी जे लिहिलेलं असेल तेच वाचेन.

तुझी, अजून म्हणू देशील तर,
अक्का